पेन्सिल्व्हेनियाचा माणूस

त्या हिवाळ्यात आमच्या गावात पेन्सिल्व्हेनियाचा एक माणूस मुक्कामाला आला होता. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या मनातलं सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला मोठ्या आवाजाची बाई खपत नाही. नर्स चालते, पण तो आजारी पडल्यावर. राष्ट्राध्यक्ष म्हणून चालत नाही. त्याला रुंद खांद्यांचा, फौजेत राहिलेला, कुत्रा पाळणारा पुरुष लागतो. मार्लिसच्या कॅफेत सकाळची कॉफी प्यायला जमणारे आमचे म्हातारे या माणसाविषयी असं बोलत, जणू तो आत्ताच उठून हात धुवायला गेलाय. त्यांच्यातल्या एकानेही पेन्सिल्व्हेनियात कधी पाऊल टाकलेलं नाही. आयोवाबाहेर ते गेलेच तर भाचीच्या लग्नाला, नाहीतर गुडघा बदलायला मिनेसोटात.

या मंडळींचा म्होरक्या म्हणजे माझा नवरा, व्हर्लिन.

दर चार वर्षांनी फेब्रुवारीत हे खूळ आमच्याकडे येतं. पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं, हे देशात सगळ्यांत आधी आम्ही सांगायचं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि ज्याचा त्याने आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं. टीव्हीवाले येतात, आमच्या दालचिनीच्या रोलचे फोटो काढतात आणि आमच्या लोकांना वाटायला लागतं, की आपण मत देत नाही, देश चालवतो. मग स्वतःला काय हवंय हे सांगायची त्यांना लाज वाटते. ते देशाला काय हवंय ते सांगतात, आणि देश म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, कारण शेवटी राष्ट्राध्यक्ष कोण हे तिथल्या काठावरच्या मतांवर ठरतं.

त्या वर्षी खरे उमेदवार दोनच होते. एक आयरीन कॅलोवे, कॅन्ससची. उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली आणि मग संसदेत गेलेली. ती जिथे जाईल तिथे एकच गोष्ट सांगायची: गावोगावचे बंद पडलेले प्रसूतीचे वॉर्ड मी पुन्हा उघडणार. दुसरा गॅरेट लिंडेल, निवृत्त कर्नल. त्याची हनुवटी बघून वाटायचं, देवाने आधी हनुवटी केली आणि उरलेल्या मातीत बाकीचा माणूस उरकला. वॉर्डांबद्दल त्याच्या पत्रकात एकच ओळ होती. तो अभ्यास समिती नेमणार होता.

आता आमच्या घरात हा विषय का पेटला, ते सांगते. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातला प्रसूतीचा वॉर्ड परवडत नाही म्हणून बंद केला. त्याच्या पुढच्या जानेवारीत माझ्या लेकीला, जॅनेलला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावई ट्रक घेऊन ओमाहाला गेलेला. बाहेर बर्फ. गाडी व्हर्लिनने चालवली, मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जवळचा वॉर्ड पन्नास मैलांवर. दुसरा पूल ओलांडला आणि बाळ गाडीतच झालं. मुलगी. आम्ही दवाखान्यात पोचलो, ती नाही पोचली. तिचं नाव आम्ही नोरा ठेवलं, कारण दगडावर काहीतरी कोरायला लागतं.

त्या वाटेवर व्हर्लिन सारखं एकच म्हणत होता, "अजून थोडं थांब, जॅनी. आलंच. अजून थोडं थांब."

वर्ष उलटलं आणि कॅलोवेबाईची माणसं गावात आली. जॅनेल त्यांच्याकडे गेली आणि आमच्या भागाची प्रमुख झाली. जी मुलगी महिनोन्महिने अंघोळीलासुद्धा उठत नव्हती, ती बूट चढवून बर्फातून घरोघर जायला लागली. मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. पण माझी मुलगी जेवायला लागली होती आणि ते कॅलोवेबाईमुळे होतं, एवढं मला पुरे होतं.

आणि लोक? लोक दार उघडायचे, तिला आत घ्यायचे, कॉफी द्यायचे. तुझं दुःख आम्हाला कळतं, म्हणायचे. बाई फारच चांगली, खरं बोलणारी, म्हणायचे. आणि मग यायचा तो 'पण'. त्या 'पण'च्या मागे पेन्सिल्व्हेनियाचा माणूस उभा असायचा.

एकदा भांडी घासताना मी व्हर्लिनला धरलाच.

"तुला कॅलोवे आवडत नाही का रे?"

"आवडते की. सगळ्यांत जास्त तीच आवडते."

"मग घोडं अडलं कुठे?"

"मला आवडून काय उपयोग, लाव्होन? ती पेन्सिल्व्हेनियात—"

"मला पसंत केलंस तेव्हा विचारलं होतंस पेन्सिल्व्हेनियाला?"

"तू काय निवडणूक लढवत नव्हतीस."

"तुझ्या आईसमोर लढवतच होते मी. आणि पडणार असंच सगळे म्हणत होते."

तो हसला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "हे बघ. हरलेली बाई वॉर्ड उघडत नसते."

"आणि जिंकलेला कर्नल उघडणार आहे का? तो समिती नेमणार आहे."

"समिती म्हणजे सुरुवात असते."

"समिती म्हणजे जेवण असतं. सँडविच खातात आणि घरी जातात."

 त्याची भीती मला दिसत होती. गाडीतल्या त्या दिवसानंतर या माणसाला कुठलीही गोष्ट हरायची हिंमत उरली नव्हती. साधे पत्तेसुद्धा तो जिंकणाऱ्याच्या बाजूला बसून खेळायचा. कळत होतं मला. पण कारण कळलं म्हणून माफी द्यावी, असं थोडंच आहे? ज्या लेकीने त्याच्या गाडीत लेकरू गमावलं, तिच्या कोपऱ्यात बापाने उभं राहायचं की नाही, हे तो एका अदृश्य माणसाला विचारून ठरवत होता. मला त्याची कीव येत नव्हती. मला त्याचा राग येत होता आणि रागाच्या खाली किळस होती.

मग त्याच्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली.

आमच्याकडे उभं राहायच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत ज्याच्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नसतात, तो कोपरा मोडतो आणि दुसऱ्या फेरीत लोक इकडचे तिकडे जातात. तळ्यात-मळ्यातच म्हणा. व्हर्लिनने कॅफेत जाहीर केलं, की पहिल्या फेरीत सगळ्यांनी लिंडेलकडे उभं राहायचं. पहिला आकडा बातम्यांत जातो, तो दणदणीत दिसला पाहिजे. मग दुसऱ्या फेरीत निम्म्यांनी हळूच जॅनेलकडे सरकायचं, म्हणजे तिचा कोपराही टिकेल. आधी डोकं, मग काळीज. चाळीस वर्षं मी हे करतोय, मला विचारा, असं तो छाती फुगवून म्हणाला म्हणे. मंडळींना हे फारच पटलं. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. शहाणपणही मिरवायचं आणि मायाही, आणि दोन्हींतलं एकही खिशातून द्यायचं नाही!

जॅनेल त्या दिवशी घरी आली ती फुललेली.

"आई, लोक बदलतायत गं! डेल म्हणाला दुसऱ्या फेरीत येतो. मार्लिस म्हणाली येते. ओल्सनांकडची सगळी येतो म्हणाली."

"पहिल्या फेरीत का नाही येत?"

"ते बाबाचं काहीतरी गणित आहे. पण येणार आहेत, आई. त्यांना ती हवीय. सगळ्यांना तीच हवीय."

मी तिच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

ठरल्या दिवशी व्यायामशाळेत सव्वाशेच्या आसपास डोकी जमली. टेबलावर मोठ्या पातेल्यांत चिली होती, म्हणजे आमचा खिमा-राजम्याचा रस्सा, शेजारी दालचिनीचे रोल. सभेच्या अध्यक्ष फेट बाई. निम्म्या गावाला त्यांनी व्याकरण शिकवलेलं, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की गावाला आपोआप डुलकी येते. त्यांनी चष्मा लावून नियम वाचायला घेतले आणि आमचा देश चालवणारा समाज चिलीच्या रांगेत गेला. जास्त चीज कुणी घेतलं यावरून डेल आणि ओल्सनची जुंपली. व्हर्लिन तर मुद्दाम बाईंकडे पाठ करून उभा होता. त्याला काय गरज? चाळीस वर्षं तो हे करत होता.

मी ऐकत होते. कारण आमच्या कोपऱ्यात ऐकण्याखेरीज काही कामच नव्हतं, पण त्या गोंगाटात निम्मंच कानावर येत होतं.

पहिली फेरी झाली, ज्याने त्याने आपल्या उमेदवाराच्या नावाच्या कार्डावर सही केली. पलीकडे लिंडेलच्या फलकाखाली गर्दीच गर्दी. त्यांचा प्रमुख गॅरी, गाड्या विकणारा, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत हिंडत होता. मधल्या बाकावर तीन बायका 'आमचं अजून ठरत नाही' म्हणून लोकर विणत बसल्या होत्या. आणि आमच्या कोपऱ्यात आम्ही चौदा. कोपरा टिकायला अठरा लागत होती.

आमच्या चौदांत दाताचे डॉक्टर वोयचिक होते. दोन वर्षांपूर्वी गावात आलेले, शांत माणूस. मी सहज विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?"

"ईरीचा," ते म्हणाले.

"हे ईरी कुठे आलं?"

"पेन्सिल्व्हेनियात."

मला हसू आवरेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खा हिवाळा आमचे लोक पेन्सिल्व्हेनियाच्या माणसाच्या नावाने रडत होते आणि तो इथे गावातच होता, त्यांच्याच दाढा उपटत. त्याचा हात सगळ्यांच्या तोंडात असल्यामुळे त्याला विचारायला कुणाला जमलं नसावं.

"मग तुम्ही कॅलोवेकडे कसे?" मी विचारलं.

"मला ती आवडते," ते म्हणाले. जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

फेट बाईंनी आकडे जाहीर केले. लिंडेलच्या कोपऱ्यातून टाळ्या. मग बाई म्हणाल्या, "आता दुसरी फेरी. ज्यांचा कोपरा टिकलेला नाही, त्यांनीच हलायचं." विणणाऱ्या तिन्ही बायका लोकर गुंडाळून उठल्या, एकमेकींकडे बघितलं आणि आमच्याकडे आल्या. सतरा. जॅनेलने माझा हात दाबला. फक्त एक माणूस हवा होता, आणि समोर येतो म्हणालेल्यांची गर्दी उभी होती.

आणि ती गर्दी हललीसुद्धा. डेल निघाला. मार्लिस निघाली. ओल्सनांचं कुटुंब रोलच्या बशा घेऊन निघालं. सगळ्यांत पुढे व्हर्लिन, चेहऱ्यावर असं हसू, की आता बघा आपली कमाल.

"बसा!" फेट बाई म्हणाल्या. सवयीने चारपाच जण खरंच बसले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"जॅनेलकडे, बाई," डेल म्हणाला. "दुसरी फेरी ना?"

"लिंडेलचा कोपरा टिकलाय. टिकलेल्या कोपऱ्यातल्या माणसाला आता हलता येत नाही. तुम्ही कार्डावर सही केलीय. नियम या वर्षी बदलला. मी दोनदा वाचून दाखवला. तुम्ही चीज घेत होतात."

व्यायामशाळेत पातेल्यातली चिली रटरटताना ऐकू आली.

"पण आधी तर चालायचं," व्हर्लिन म्हणाला.

"आधी पुष्कळ काही चालायचं, व्हर्लिन."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझ्या नवऱ्याने एकट्याच्या नाही, गावाच्या गोठ्यातले बैल रिकामे ठेवले होते. एकेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. डेल व्हर्लिनकडे बघायला लागला. मार्लिस म्हणाली, "तूच ना रे म्हणालास? तूच म्हणालास, आधी डोकं!" ओल्सन बाई म्हणाल्या, "मला पहिल्यापासूनच तिच्याकडे जायचं होतं. सगळे इकडे म्हणून मी इकडे." त्यांच्या मागची म्हणाली, "अगं, मी तू इकडे म्हणून इकडे!"

जॅनेल पुढे आली. तिचा आवाज शांत होता, मलाच भीती वाटली.

"फेट बाई, एक विचारू का सगळ्यांना?"

"मोजलं जाणार नाही, जॅनेल."

"नको मोजायला. फक्त बघायचंय." ती लिंडेलच्या गर्दीकडे वळली. "ज्यांना खरं तर कॅलोवे हवी होती, त्यांनी हात वर करा."

आधी कुणीच नाही. मग मार्लिसचा हात. मग डेलचा. मग ओल्सनांचे, मग मागून, कडेने, खालच्या मानेने, एकामागून एक. अर्ध्याहून जास्त गर्दी हात वर करून उभी राहिली. जिला पेन्सिल्व्हेनियात कुणी मत देणार नाही म्हणून ही माणसं रडत होती, ती बाई याच छताखाली सहज जिंकली असती. आणि हे हात आता वर! वरातीमागून घोडे. मला वाटलं, एकेकाच्या तोंडावर तो चिलीचा डाव उपडा करावा.

व्हर्लिनचा हात खालीच होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

एवढ्या शोभेवर गॅरीचं समाधान होईना. तो व्हर्लिनच्या कानाशी लागला आणि त्याला ढकलतच आमच्या बाजूला घेऊन आला, मधल्या पांढऱ्या रेषेपर्यंत. टीव्हीवाला कॅमेरा लावून तयार होता.

"सांग तिला," गॅरी म्हणाला. "त्यांचा कोपरा मोडलाच आहे. सतराच्या सतरा इकडे आले तर आपलं गाव एकमताने, असं बातम्यांत येईल. नोव्हेंबरात, मुख्य निवडणुकीत, फार उपयोगी पडेल."

नोव्हेंबरात लिंडेल पडला. सगळ्यांत जोरात पेन्सिल्व्हेनियात आपटला. पण ते नंतरचं.

आणि माझा नवरा बोलला. खरंच बोलला.

"जॅनी, चल ना. आता तिकडे राहून काही हाती लागायचं नाही. पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला मी स्वतः पहिल्यापासून तुझ्याकडे. थोडं थांब."

जॅनेल त्याच्याकडे बघत राहिली.

"गाडीतही तू हेच म्हणत होतास, बाबा."

तिने हे ओरडून म्हटलं नाही. त्या दिवशी तो दुसरं काय म्हणणार होता, हे तिलाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी त्याच्यासमोर बर्फ होता आणि आज नुसती एक पांढरी रेषा होती.

व्हर्लिनचा चेहरा पडला. आत कुठेतरी काहीतरी हललं असावं, कारण त्याने मान वळवून फेट बाईंना विचारलं, "बाई, मी तिकडे जाऊ शकतो का? आत्ता?"

फेट बाईंनी चष्मा काढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना एखाद्याशी हळू बोलताना ऐकलं.

"जाऊ शकतोस, व्हर्लिन. रेषा ओलांडायला बंदी नाही. पण मोजला जाणार नाहीस."

चार पावलांचं अंतर होतं. जॅनेल थोडी बाजूला सरकली, आपल्या शेजारी जागा करून. मी ती जागा पाहिली. मला वाटलं, जा रे. एवढं एक कर. सगळं विसरते मी, आजचं, हिवाळ्याचं, सगळं.

आणि मी त्याच्या चेहऱ्यावर तो हिशोब होताना पाहिला. मोजलं जाणार नसेल, तर जायचं कशाला?

तो रेषेवरच उभा राहिला. खिशात हात घालून.

जॅनेलने वाट पाहिली. तिने खूप वाट पाहिली, गॅरीचा टीव्हीवाला कॅमेरा आवरून निघून गेला तरी ती त्या रिकाम्या जागेशेजारी उभी होती. मग तिने कोटाची चेन वर ओढली आणि आमच्या सतरा जणांचे आभार मानले, एकेकाचा हात हातात घेऊन. डॉक्टर वोयचिकनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.

मी रेषेपाशी गेले आणि हात पुढे केला. व्हर्लिनला वाटलं, मी त्याचा हात धरायला आलेय.

"किल्ली दे," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार आहे."